मायक्रोडोसिंग एकटीने करावं की गाइडबरोबर? त्याआधीचे दोन प्रश्न

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय चौतीस, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आयटीत नोकरी, मुलगा तीन वर्षांचा. बाळंतपणानंतर नैराश्य आलं तेव्हा सुरू झालेली एसिटालोप्रामची १० मिलिग्रॅमची गोळी अजून चालू आहे. आता रडू येत नाही, पण हसूही आतून येत नाही. सगळं सपाट वाटतं. ऑफिसातली मैत्रीण सायलोसायबिन ट्रफलचं मायक्रोडोसिंग करते, म्हणजे भास घडवणाऱ्या मशरूमच्या गाठी अगदी कमी मात्रेत घेते, आणि तिला खूप फरक पडलाय. स्मार्टशॉपमधून, म्हणजे अशा गोष्टी विकणाऱ्या इथल्या दुकानातून, पाकीट आणून आपलं आपण सुरू करावं, की सहा आठवड्यांचे साडेचारशे युरो मागणाऱ्या कोचकडे जावं, असं तुम्ही विचारलंय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. आणि अगदी शेवटी, कंसात, लिहिलंय की मामांना मध्ये काही वर्षं ‘डोक्याचा त्रास’ होता.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. शिक्षण पुण्यात झालं, गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये काम करते. ट्रफल घेतलेली, घेऊ पाहणारी आणि घेऊन घाबरलेली माणसं माझ्याकडे येत असतात, त्यात आपली मराठी मंडळीही आता बरीच असतात. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य ते कंसातलं आहे.

एकटीने की गाइडबरोबर, हा खरं तर तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की हे तुम्हाला चालणारं आहे का, हे कोणी तपासलंय? दुसरा असा की सुरू केल्यावर काही बिनसलं तर ते कोणाच्या लक्षात येणार आणि ‘आता थांब’ असं कोण म्हणणार? या दोन्हींची उत्तरं पक्की असतील तर गाइड नसला तरी बरंच काही सांभाळता येतं. ती नसतील तर साडेचारशे युरोंचा गाइडही काही कामाचा नाही.

गाइडची कल्पना मुळात पूर्ण मात्रेच्या अनुभवातून आली आहे. मेक्सिकोत ओआहाका राज्यातल्या वाउत्ला दे हिमेनेझ या डोंगराळ गावी १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँकर पोचला. तिथे मारिया साबिना या माझातेक उपचारकर्तीने आजाऱ्यांसाठी रात्रभर चालणारा मशरूमचा विधी त्याला दाखवला. दोन वर्षांनी त्याने त्यावर मासिकात लेख लिहिला आणि त्या गावाची शांतता कायमची गेली. पुढे इस्पितळांमधल्या चाचण्यांतही रचना तशीच राहिली: आधी अनेक बैठका, मग सोफा, डोळ्यांवर पट्टी, संगीत, आणि पाच-सहा तास शेजारी बसलेली दोन प्रशिक्षित माणसं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०२० च्या मतदानानंतर, २०२३ पासून जी परवानाधारक केंद्रं सुरू झाली, तिथेही सायलोसायबिन केंद्रातच, परवानाधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली घ्यावं लागतं, घरी नेता येत नाही. पूर्ण मात्रेत भिंती हलतात, वेळेचं भान जातं, जुनी दुःखं अंगावर येतात. तिथे शेजारी भरवशाचं माणूस हवंच. त्यात ‘कदाचित’ नाही.

मायक्रोडोसिंगचं तसं नाही. परिणाम जाणवूच नये इतकी कमी मात्रा घ्यायची, कामावर जायचं, मग एक-दोन दिवस खाडा. जेम्स फॅडिमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक दिवस घेणं आणि दोन दिवस न घेणं हा क्रम लोकप्रिय केला. इथे हात धरून बसायला कोणी लागत नाही, कारण हात धरावा असं काही घडणंच अपेक्षित नाही. म्हणून लोकांना वाटतं, एकट्याने करण्यात काय बिघडतं?

बिघडतं ते हळूहळू. कमी मात्रेतला धोका एका दुपारी येत नाही, तो तीन-चार आठवड्यांत सरकत येतो. झोप सातवरून पाच तासांवर येते आणि थकवा मात्र जाणवत नाही. कल्पना सुचायला लागतात, रात्री दोन वाजता मेल जायला लागतात. ऑफिसात कोणी हळू बोललं की चीड येते. नोकरी सोडून स्वतःचं काही काढायचं ठरतं. बाईला विचारलं तर ती मनापासून सांगते की इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं. हे ज्या घरात मी पाहिलंय तिथे पहिल्यांदा कळलं ते नवऱ्याला, बहिणीला किंवा शेजारणीला. जिला होतं तिला ते आतून दिसत नाही, कारण मोजणारा मेंदू तोच आणि बदलणाराही तोच. एकटीने करू नका असं मी म्हणते ते या कारणासाठी. रोज सकाळी तुमचा चेहरा पाहणारं आणि तुम्ही पूर्वी कशा होतात हे ठाऊक असलेलं माणूस हवं. आठवड्यातून एकदा झूमवर भेटणारा कोच ते करू शकत नाही. त्याने तुम्हाला ‘पूर्वी’ पाहिलेलंच नाही.

आता, फायदा किती होतो? इथे मी तुमच्या मैत्रिणीला खोटं पाडत नाही. तिला बरं वाटतंय ते खरंच आहे. पण कशामुळे, हा प्रश्न उरतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १९१ जणांनी भाग घेतला. घरी मायक्रोडोसिंग करणाऱ्या या लोकांनी स्वतःच अपारदर्शक कॅप्सूल भरल्या, काहींत औषध, काही रिकाम्या. मग त्या क्यूआर कोड लावलेल्या पाकिटांत घालून अशा मिसळल्या की आज काय घेतलंय हे त्यांचं त्यांनाही कळू नये. चार आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांना बरं वाटलं होतं. रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढंच. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ८० निरोगी पुरुषांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली: दर तिसऱ्या दिवशी १० मायक्रोग्रॅम एलएसडी (सायलोसायबिनसारखंच मनावर परिणाम करणारं द्रव्य) किंवा रिकामी मात्रा. घेतलेल्या दिवशी उत्साह आणि आनंद वाढल्याची नोंद झाली, पण तो टिकला नाही. आणि औषध मिळालेल्यांपैकी चौघांनी चिंता वाढल्यामुळे चाचणी सोडली. ही माणसं आधी नीट तपासून घेतलेली होती, त्यांची पहिली मात्रा प्रयोगशाळेत देखरेखीखाली झाली होती आणि पुढच्या घरी. तपासलेल्या, निरोगी माणसांत हे घडलं, तर गोळी चालू असलेल्या आणि घरात आजाराचा इतिहास असलेल्या बाईने जास्त सावध असायला हवं की नको?

आता मामांकडे येते. आपल्या घरांत मानसिक आजाराचा इतिहास त्याच्या नावाने सांगितला जात नाही. ‘अभ्यासाने डोकं फिरलं होतं’, ‘कोणीतरी काहीतरी घातलं खायला’, ‘गाणगापूरला नेलं तेव्हा उतरलं’, ‘लग्नाआधी जरा विचित्र वागायचा, मग सुधारला’. मी फॉर्मवर ‘कुटुंबात मानसिक आजार आहे का’ असं विचारलं की दहापैकी नऊ मराठी घरांत उत्तर ‘नाही’ येतं. मग गप्पा मारता मारता ही वाक्यं बाहेर येतात. कोचच्या ऑनलाइन फॉर्मवर तुम्हीही ‘नाही’वरच टिचकी मारली असती, खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तर मामांचा त्रास तुमच्या घरात आजार म्हणून नोंदलेलाच नाही म्हणून.

ते महत्त्वाचं यासाठी की सायकेडेलिक, म्हणजे सायलोसायबिन किंवा एलएसडीसारख्या, द्रव्यांबाबत जवळपास सगळ्या चाचण्यांत काही माणसांना दारातूनच परत पाठवतात. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार (टोकाचा उत्साह आणि टोकाचं नैराश्य आलटून पालटून येणं) आहे, ती ही माणसं. अशा घरातल्या प्रत्येकाला त्रास होतो असं नाही. पण ज्याला होतो त्याचा त्रास ट्रफल बंद केल्यावर संपतोच असं नाही. म्हणून आईला फोन करा, आणि ‘मामा वेडा झाला होता का’ असं विचारू नका. विचारा की मामा रात्ररात्र न झोपता बोलत राहायचा का? एकदम पैसे उधळले, जमीन विकायला निघाला, असं काही झालं होतं का? कोणी आपल्या मागावर आहे असं म्हणायचा का? कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतं, गोळ्या कुठल्या होत्या, रक्त तपासायला पाठवायचे का? शेवटचा प्रश्न मुद्दाम सांगितला. लिथियम हे बायपोलरवरचं औषध चालू असेल तर रक्तातली पातळी नियमित तपासावी लागते, आणि आईला गोळीचं नाव आठवत नसलं तरी ‘दर काही महिन्यांनी रक्त द्यायला जायचा’ हे आठवतं. तसं उत्तर आलं तर मामांना बायपोलर असण्याची शक्यता मी गांभीर्याने घेईन, आणि तुम्हाला मायक्रोडोसिंग करू नका असं सांगेन. एकटीनेही नाही, गाइडबरोबरही नाही.

लिथियम जे स्वतः घेतात त्यांच्यासाठी तर हे दार पूर्ण बंद आहे. सायकेडेलिकबरोबर फिट आल्याच्या नोंदी आहेत. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाबाबतही मी तेवढीच कडक असते. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाच्या झडपेला इजा झालेली माणसं आपल्याकडे बरीच आहेत. त्यांनीही यापासून लांब राहावं. सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाच्या ज्या एका ग्राहीवर (पेशीवरची रसायन चिकटण्याची जागा) ही द्रव्यं काम करतात, त्याच ग्राहीमुळे फेनफ्लुरामिन हे वजन कमी करणारं औषध झडपा जाड करत होतं, आणि १९९७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं गेलं. मायक्रोडोसिंगने तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही. पण एखादी मोठी मात्रा वेगळी आणि आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने घेणं वेगळं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर तोवर हा विषय बाजूला ठेवा.

आता तुमची गोळी. एसिटालोप्राम आणि सायलोसायबिन दोन्ही सेरोटोनिनच्याच वाटेने जातात. गोळी चालू असताना बऱ्याच जणांना ट्रफलचा परिणाम बोथट होतो. मग माणूस मात्रा वाढवतो, नाहीतर कोणाच्या सल्ल्याने गोळीच बंद करतो. ती एकदम बंद केली की चक्कर, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, हे सगळं येऊ शकतं. त्याच आठवड्यात ट्रफल सुरू केलं असेल तर कशाचा परिणाम कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी ‘आत साचलेलं बाहेर पडतंय, पुढे चालू ठेवा’ असं कोच म्हणाल्याचं मी एकापेक्षा जास्त जणांकडून ऐकलंय. तो औषध सोडल्याचा त्रास असतो, आणि काही आठवड्यांनी मूळ नैराश्य परत येण्याची सुरुवातही असू शकते.

इथवरचं थोडक्यात असं: कमी मात्रेसाठी सोबतीला गुरू नको, पण साक्षीदार हवा. आणि साक्षीदार शोधण्याआधी घरातला इतिहास आणि चालू औषधं तपासलेली हवीत.

मग गाइड कधी उपयोगी? काही चांगली माणसं या क्षेत्रात आहेत हे मी मान्य करते. ज्यांचं घर लांब, जवळचं कोणी नाही, जे एकटे राहतात, त्यांना शहाणा गाइड आधार देतो. पण नेदरलँड्समध्ये ‘कोच’ किंवा ‘थेरपिस्ट’ ही पाटी कोणीही लावू शकतं. नुसतं ‘सायकोलॉग’ म्हणवून घ्यायलाही कायद्याची अट नाही. ‘सायकियाटर’ (मानसोपचारतज्ज्ञ), ‘सायकोथेरपॉइट’ (मानसोपचारक) आणि ‘खेझेट-सायकोलॉग’ (आरोग्यसेवेतला मानसशास्त्रज्ञ) या पदव्यांना मात्र संरक्षण आहे, आणि ही माणसं बिग-रजिस्टर या सरकारी नोंदवहीत नावाने शोधता येतात. दोन मिनिटांचं काम आहे, आधी तेवढं करा. नोंद नसली म्हणजे माणूस वाईट असं नाही. पण मग काही चुकलं तर तक्रार कुठे करायची, याचं उत्तर त्याच्याकडे असायला हवं.

त्याला विचारा की गेल्या वर्षात तुम्ही कोणाला नाही म्हणालात आणि का. माझ्या मते गाइड ओळखण्याचा हा सर्वांत खरा प्रश्न. ज्याने आजवर कोणालाच परत पाठवलं नाही तो तपासणी करत नाही, विक्री करतो. पैसे भरण्याआधी औषधांची यादी मागतो का ते पाहा. ट्रफल तोच विकतो का, तेही पाहा. जो विकतो तो ‘थांबा’ कशाला म्हणेल? रात्री अकरा वाजता भीती वाटली तर फोन कोणाला करायचा? तुमच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, पत्र लिहायची त्याची तयारी आहे का? आणि तो गोळी बंद करायला सांगत असेल, घरच्यांना सांगू नका म्हणत असेल, किंवा स्पर्शाला उपचाराचा भाग म्हणत असेल, तर पैसे गेले तरी चालतील, उठून या. आपल्याकडे गुरूपुढे शंका काढणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. इथे शंका काढणं हेच तुमचं काम आहे.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण हे भारतातूनही वाचलं जाईल. नेदरलँड्सने १ डिसेंबर २००८ पासून भास घडवणाऱ्या मशरूमवर बंदी घातली. जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी, म्हणजे ट्रफल, त्या यादीत नव्हत्या. म्हणून त्या स्मार्टशॉपमध्ये उघडपणे मिळतात. अक्रोडाच्या चुऱ्यासारखे ओलसर तुकडे, चवीला आंबट-तुरट, हवाबंद पाकिटात. पाकिटावर वजन लिहिलेलं असतं. त्या वजनात द्रव्य नेमकं किती हे मात्र तुकड्या-तुकड्याला बदलतं, आणि त्यामुळेच ‘जाणवूच नये’ अशी मात्रा एखाद्या दिवशी मीटिंगच्या मध्यात चांगलीच जाणवते. सीमा ओलांडून जर्मनीत गेलात की तेच पाकीट गुन्हा ठरतं. भारतात सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात, तेव्हा सुट्टीला जाताना बॅगेत राहिलेलं पाकीटही महागात पडेल. गोव्यात किंवा डोंगरात ‘रिट्रीट’ घेणारे गाइड भेटतात. तिथे काही वाईट घडलं तर तुम्ही पोलिसांतही जाऊ शकत नाही आणि इस्पितळात खरं सांगायचीही भीती वाटते. भारतातल्या कोणालाही मी दोन्ही पर्यायांना नाहीच म्हणेन. अमेरिकेत एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी लक्षात ठेवावं की राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा बदललेला नाही, आणि व्हिसा केंद्राच्या हातात असतो. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना, उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं. पण ती पूर्ण मात्रा असते, देखरेखीखाली, मायक्रोडोसिंग नव्हे.

तर तुम्ही काय करावं? माझं मत स्पष्ट आहे: आत्ता सुरू करू नका. तुम्ही वर्णन केलेला सपाटपणा एसिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्यांचा माहीत असलेला परिणाम आहे. तो नैराश्याचा उरलेला भागही असू शकतो, थायरॉइडचाही, लोह कमी असण्याचाही, आणि तीन वर्षांचं मूल, नोकरी आणि परदेशात मदतीला कोणी नसणं याचाही. प्रत्येकावरचा उपाय वेगळा. हाउसआर्ट्सकडे जा आणि दहा मिनिटांची नेहमीची वेळ न घेता दुहेरी वेळ मागा. ‘गोळीने मला काही वाटेनासं झालंय, मात्रा कमी करण्याबद्दल बोलायचंय’ हे पहिलंच वाक्य असू द्या, नाहीतर गप्पांतच वेळ जातो. गोळी हळूहळू कमी करायचं ठरलं तर टेपरिंग स्ट्रिप्सबद्दल विचारा. रोजची एक याप्रमाणे छोट्या पुड्यांची लांब पट्टी असते, प्रत्येक पुडीवर मात्रा छापलेली, आणि ती इतक्या सावकाश उतरत जाते की घरी गोळी सुरीने कापून तसं कधीच जमणार नाही. मोठ्या संस्थांची प्रतीक्षायादी लांब आहे हे खरं. पण बऱ्याच दवाखान्यांत पीओएच-खेखेझेट, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा सहायक असतो. त्याच्याकडे लवकर नंबर लागतो आणि त्याचे पैसे तुमच्या आइखन रिझिकोतून (विम्याआधी स्वतः भरायच्या रकमेतून) कापले जात नाहीत.

हे सगळं होऊन, मामांचं उत्तर निर्धास्त करणारं आलं, गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटली, काही महिने नीट गेले आणि तरीही तुम्हाला करून पाहावंसं वाटलं, तर तो निर्णय तुमचा आणि इथे तो कायदेशीर आहे. मग नवऱ्याला सांगून करा. पहिला दिवस सुट्टीचा असू द्या, गाडी चालवू नका, मुलाची जबाबदारी त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे असू द्या. गांजा किंवा दारू सोबत नको. कधी थांबणार ती तारीख आधी कॅलेंडरवर लिहा आणि जाणवत नाही म्हणून मात्रा वाढवू नका. वही ठेवा, पण दोन रकान्यांची: एकात तुम्ही लिहायचं, दुसऱ्यात नवऱ्याने, तुमचं न वाचता. झोपेचे तास, आवाज चढला का, खर्च, मुलाशी वागणं. दोन रकाने जुळेनासे झाले की त्याच दिवशी थांबायचं, आणि यावर वाद घालायचा नाही हे आधीच ठरवायचं.

नवऱ्याला सांगायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय. ट्रफलपासून सुरुवात करू नका. ‘मला गेली दोन वर्षं काहीच आतून वाटत नाही’ इथून करा. माझ्या अनुभवात बहुतेक नवऱ्यांना हेच माहीत नसतं. बायको रडत नाही म्हणजे बरी झाली असं ते धरून चालतात. आणि मधल्या काळात जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर कोणत्याही कोचची किंवा माझ्या उत्तराची वाट न पाहता नेदरलँड्समधल्या आत्महत्या प्रतिबंधाच्या ११३ या क्रमांकाला फोन करा. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, नीट टिपून ठेवा.

आईशी बोलणं झालं की मामांबद्दल काय कळलं ते लिहा, गोळ्यांची नावं मिळाली तर तीही. त्यावरून पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.